उन्हाचं बिल

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
४ मे २०२५

सदू,

आशीर्वाद. फोन करणार होते, पण तुझा फोन म्हणजे मातीच्या हाताने उचलायचा, "हां ताई, हां ताई" करायचं आणि ठेवून द्यायचा. नाहीच ठेवलास तर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण जुंपतं. म्हणून लिहितेय. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

महिपतच्या टेम्पोतून गणपतीचे पाट पाठवतेय. आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांचे मिळून साठेक आहेत, खाली नावं लिहिलीत. अक्षय्य तृतीया झाली की आपापला पाट मूर्तिकाराकडे पोचता करायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसलेला गणपती घरी आणायचा, ही आबांची रीत मी या लोकांना लावली तेव्हा सगळे हसले होते. आता स्वतःहून हळदकुंकू लावून आणून देतात. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले जितूभाई, गुजराती माणूस, त्यांनी भाईंदरहून नवा पाट करून आणलाय. वरून सनमायका मारलाय. तू हसशील म्हणून आधीच सांगितलं.

यंदा एकजात शाडूच्या मूर्ती हव्यात. आमच्या बी विंगमधली क्षितिजा सोसायटीची ग्रीन कमिटी चालवते, तिने ग्रुपवर सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय की पीओपीची एकही नको. छान आहे. फक्त दर मागच्या वर्षीचाच हवाय. पर्यावरण वाचवायचंय, पण जुन्या भावात.

आता माझा मुद्दा, आणि वाचताना पान उलटू नकोस. सोसायटीच्या सुपरवायझरची जागा दिवाळीपर्यंत रिकामी होतेय. पंप, लिफ्ट, वॉचमन यांच्यावर लक्ष ठेवायचं. तळमजल्यावर खोली मिळते. तुझ्या भाऊजींनी सेक्रेटरीच्या कानावर तुझं नाव घातलंय. पगार महिन्याच्या महिन्याला, मग पाऊस पडो नाहीतर न पडो. मागची दोन वर्षं तुझ्या गणपतीच्या कारखान्याचं काय झालं ते मी तुझ्या सुचेताच्या तोंडावरून वाचलंय, तू सांगितलं नाहीस तरी. विचार कर.

सुलूताई

*

आपलं गाव, ता. पेण
११ मे २०२५

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र दोन बैठकींत वाचलं, मध्ये उठून चहा प्यालो. म्हणजे तोडलंच म्हणायचं.

पाट पोचले. जितूभाईंच्या सनमायकावर माती ठरत नाही, तेलकट ताटात पिठाचा गोळा ठेवल्यासारखी सरकते. खाली गोणपाट चिकटवून घेईन. आपल्या घरचा पाटही माळ्यावरून काढला. तू त्यावर चढून लोणच्याची बरणी काढत होतीस तेव्हा पाय मोडला आणि आबांनी पितळी पट्टी ठोकली, तोच तो. धुऊन ठेवलाय. आपला गणपती नेहमीसारखा सगळ्यांत शेवटी करायचा, गिऱ्हाईकांचे झाल्यावर. मूर्तिकाराच्या घरचा शेवटी असला तरी चुकत मात्र नाही.

दराचं म्हणशील तर मागचाच घे. शाडूला काय लागतं? माती, पाणी, हात आणि ऊन. पहिल्या तिन्हींना पैसे पडतात, चौथं देवाने फुकट दिलंय. मे महिन्यात पत्र्याखाली मांडून ठेवायच्या, कडक वाळल्या की पावसाळाभर रंगवत बसायचं. गेल्या आठवड्यात दोन दिवस शिंतोडे आले, पण तो वळीव. येतो आणि जातो.

नोकरीचं वाचलं. पान उलटलं नाही. तू आणि सुचेता दोघी मिळून माझ्या मागे लागल्यात तर एकदाच काय ते सांगून टाकतो. हा हंगाम बुडाला तर कारखाना बंद करून मीरा रोडला येतो. हे लेखी देतोय. बुडणार नाही, म्हणूनच देतोय.

सदू

*

मीरा रोड
२९ मे २०२५

सदू,

हा कसला वळीव? इथे वीस तारखेपासून छत्री वाळलेली नाही. मे महिन्यात रिक्षावाले पाण्यातून यायला नाही म्हणतात. मी पोह्याची मिरगुंडं घातली होती, गच्चीवर टाकायची सोय नाही, दोन दिवसांत वास यायला लागला. शेवटी बेडरूममध्ये चादर अंथरून त्यावर पसरली आणि एसी लावला. कडकडीत वाळली. तुझे भाऊजी हॉलमध्ये सोफ्यावर झोपतात आणि म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा पापडाला माझ्यापेक्षा जास्त मान मिळाला.

तुझ्याकडे काय चाललंय? मूर्ती वाळल्या का? क्षितिजा ग्रुपवर टाकायला फोटो मागतेय. कालच ती सांगत होती, तिच्या ऑफिसात हवामान बदलावर काहीतरी कार्यक्रम झाला, हॉलमध्ये इतका गारठा होता की बायका शाली पांघरून बसल्या होत्या. फोटो पाठव.

सुलूताई

*

गाव
८ जून २०२५

ती. ताईस,

सगळं ठीक. फोटो पाठवत नाही. डोळ्यांची आखणी होण्याआधी मूर्तीचा फोटो काढू नये असं आबा म्हणायचे.

तुझ्याकडे जुन्या सुती साड्या पडल्या असतील तर महिपतबरोबर दे. आणि भाऊजींच्या ऑफिसात जुने टेबलफॅन भंगारात काढतात का ते विचार. उगीच आपलं विचारतोय.

सदू

*

मीरा रोड
५ जुलै २०२५

सदू,

आबांनी असं काहीही कधी सांगितलं नव्हतं. आबा स्वतः पांढऱ्या मूर्तींच्या रांगेपुढे उभे राहून फोटो काढून घ्यायचे, तो फोटो माझ्या कपाटात आहे. थाप मारायची तर निदान मेलेल्या माणसाच्या नावावर मारू नये.

साड्या पाठवल्या तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आज महिपत पोह्यांची पोती टाकायला आला, त्याला खाली पार्किंगमध्ये गाठलं. म्हणाला, "ताय, तुमच्या भावानं सांगू नको बोललाय." मी म्हटलं, बरं, सांगू नकोस, नुसती मान हलव. मूर्ती उभ्या आहेत का? मान आडवी हलली. सगळ्या गेल्या? मान उभी हलली. मग त्याचं त्यालाच राहवलं नाही. म्हणाला, "पाट तेवढं चांगलं हायत. वर काय न्हाय."

अरे, चतुर्थी सत्तावीस ऑगस्टला आहे. इथे साठ घरं माझ्या शब्दावर बसलीत. लोकांनी दुसरीकडे नोंदणी केलेली नाही. आता ऐनवेळी मी त्यांना काय सांगू, रिकामा पाट देव्हाऱ्यात ठेवा म्हणून? तू मला जूनमध्ये सांगितलं असतंस तर शिव्या घातल्या असत्या, पण काहीतरी केलं असतं. आता शिव्या घालायलासुद्धा वेळ नाही. तरी घालतेच आहे.

काय झालं ते सगळं लिही. ठीक आहे हा शब्द पत्रात दिसला तर मी पुढच्या एसटीने तिथे येईन.

सुलूताई

*

गाव
१० जुलै २०२५

ती. ताईस,

लिहितो. येऊ नकोस, सुचेताच पुरेशी आहे.

मेच्या मधल्या आठवड्यापर्यंत मूर्ती साच्यातून काढून मांडल्या होत्या. मग पाऊस लागला तो लागलाच. शाडू ओलाव्यात कशी करते तुला माहीत आहे, ती वाळतही नाही आणि पडतही नाही, नुसती बसत जाते. आधी पोट खाली आलं, मग मांड्या पसरल्या. पंधरा दिवसांनी सगळे गणपती जेवून सुस्तावल्यासारखे दिसायला लागले. वर बुरशी धरली. मी ताडपत्र्या सोडल्या, त्याने आत आणखी घुसमट झाली. मग अक्कल चालवली आणि शेडमध्ये कोळशाच्या शेगड्या पेटवल्या. बाहेरून वाळल्या, आतून ओल्या, आणि तडातड तडे गेले. ती चूक माझी. पावसाची नाही. त्यानंतर उरलेल्यांना तुझ्या साड्या गुंडाळल्या, पंखे लावले, तर दिवसातून चार वेळा लाईट जायची.

तलाठी आला होता. शेजारच्यांच्या आंब्याचा पंचनामा करायला. मी म्हटलं, साहेब, माझंही बघा. बिचारा आत आला, बूट काढून आला, सगळं बघितलं. वाईट वाटलं त्याला. पण म्हणाला, "सदूभाऊ, मूर्ती हे पीक नाही, मी कशात घालू? आणि तुमची माती तर जागेवरच आहे. वाहून गेली असती तर काही करता आलं असतं. ही परत मळता येते." मी विचार केला तर त्याचं चूक कुठेच नव्हतं. माती तेवढीच आहे, शेर पावशेरसुद्धा कमी नाही. गेला तो फक्त उन्हाळा, आणि आमचे हात. त्याचा पंचनामा होत नाही.

गेल्या वर्षी असंच थोडं झालं, त्याच्या आदल्या वर्षीही. मी दर वेळी म्हणायचो, यंदाचं साल तेवढं वाईट. आता तिसऱ्यांदा म्हणायला मलाच लाज वाटते.

तेव्हा लेखी दिलंय ते खरं करतो. हंगाम बुडाला. सेक्रेटरींना सांग, दिवाळीनंतर येतो. तुझ्या लोकांना मी स्वतः येऊन पाट परत देईन आणि पाया पडेन, तू मध्ये पडू नकोस.

सदू

*

मीरा रोड
१३ जुलै २०२५

सदू,

खरं तर मी आज पेढे वाटायला हवेत. तीन वर्षं तुझ्यामागे लागलेय की ये, आणि तू येतो म्हणालास. पत्र वाचून मी गॅसवर दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. तुझी चीड आली. तलाठ्याची आली नाही, कुणाची यावी तेच कळेना म्हणून सगळी तुझी आली.

तू पंपाची बटणं दाबत तळमजल्यावर बसशील, आणि मी रोज जाता-येता तुला बघू? पुढच्या वर्षी क्षितिजा कुठूनतरी कारखान्यातल्या मशीनचे गणपती मागवेल आणि त्यावर पर्यावरणपूरक असा शिक्का असेल.

आता नीट वाच. साच्यातून मूर्ती काढायला तुला किती वेळ लागतो? फार नाही. वेळ लागतो तो वाळायला. बरोबर? मग वाळवायचं काम माझ्यावर सोड. कालपासून माझ्या डोक्यात मिरगुंडं आहेत. आमच्या एसीने मिरगुंडं वाळली तर गणपती का नाही वाळणार? सिल्व्हर पार्कात घरटी एक एसी आहे, काहींकडे दोन. ओल्या मूर्ती ज्याच्या त्याच्या पाटावर बसवून पाठव. ज्याचा गणपती त्याने आपल्या बेडरूममध्ये वाळवायचा. रंगवायला तू इथे ये.

वेडेपणा आहे हे मला कळतं. भाऊजींनीही कळवलंय. दुसरं काही सुचत असेल तर तू सांग.

सुलूताई

*

गाव
१७ जुलै २०२५

ती. ताईस,

बाईमाणूस एकदा हट्टाला पेटली की ब्रह्मदेवही हात टेकतो. सुचेताला तुझं पत्र वाचून दाखवलं तर ती हसली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. म्हणून करतोय, मला पटलंय म्हणून नाही.

दीड फुटाच्या कबूल केल्यात, नऊ इंचांच्या देतो. मोठी मूर्ती तुमच्या लोकांच्या हातून वाळायची नाही. हाताला चिकटणार नाहीत इतपत घट्ट झाल्या की पेंढ्यात बसवून महिपतबरोबर धाडतो. त्याला सांगितलंय, स्पीडब्रेकरवर गाडी पोराला उचलावं तशी उचल.

लोकांना नीट समजावून सांग. एसी सव्वीसवर ठेवायचा, त्याखाली नाही. मूर्तीवर सुती फडकं, ते एक दिवसाआड बदलायचं. झोत थेट मूर्तीवर येता कामा नये. पाट रोज थोडा फिरवायचा, नाहीतर एक बाजू वाळून मान कलते. घाई केली तर माझ्या शेगडीचं झालं तेच होईल. शाडूला गरम नको आणि गारही नको, तिला फक्त कोरडं हवं. हे मला साठ मूर्ती घालवल्यावर कळलं.

घरचा पाट अजून रिकामाच आहे. तो नंतर.

सदू

*

मीरा रोड
६ ऑगस्ट २०२५

सदू,

भीक नको पण कुत्रा आवर अशी माझी गत झालीय. दिवसाला चाळीस फोन येतात. "ताई, कपडा भिगोना है या सूखा?" "सुलू आंटी, बाप्पाला रात्री एकटं ठेवलं तर चालेल का?" ए विंगमधल्या आजोबांना एसी सोसत नाही, ते जिन्यात पेपर घेऊन बसतात. एकीकडे नवराबायको हॉलमध्ये, सासू स्वयंपाकघरात आणि बेडरूममध्ये गणपती. लोक चप्पल काढून आपल्याच बेडरूममध्ये शिरतायत. इतकी वर्षं शेजारी राहतो, पण एकमेकांच्या बेडरूममध्ये जाऊन पाट फिरवून देण्याची वेळ आत्ताच आली.

पण वाळतायत. हे तुला सांगायचंय. काल हाताने वाजवून बघितल्या, मातीच्या कुंडीसारखा आवाज आला.

आता वाईट. जितूभाईंनी प्रेमापोटी अठरावर लावला, झोतही थेट, वर आणखी टेबलफॅन. "भगवान को गर्मी न लगे" म्हणे. मूर्ती खांद्यापासून पोटापर्यंत उभी फुटली. माणूस दोन दिवस जेवलेला नाही. तुझ्या भाषेत सांगायचं तर माती जागेवर आहे, पण त्याला कसं समजावू? त्याच्या घरी नातू आल्यानंतरचा पहिलाच गणपती आहे. काहीतरी कर.

आणि क्षितिजा. महिन्याचं लाईट बिल आलं, ती माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, "काकू, मूर्तीच्या किमतीपेक्षा वाळवण्याचा खर्च जास्त झालाय. तो किमतीतून वजा व्हायला पाहिजे ना? वाळवून देणं हे व्हेंडरचं काम आहे." व्हेंडर म्हणजे तू. मी म्हटलं, बाई, आत्तापर्यंत तो सूर्य वापरत होता, त्याचं बिल येत नव्हतं. आता सूर्य बंद पडलाय. तो कुणी बंद पाडला ते तुझ्या ऑफिसातल्या कार्यक्रमात सांगितलं असेलच. माझ्या भावाकडे भंगारातले पंखे आहेत, तेही लाईट असली तर फिरतात. बिल मात्र त्यालाच लावायचं? ती म्हणाली, "मी तसं म्हणत नाहीये." मग कसं म्हणतेयस ते लिहून काढ आणि मला दे, मी म्हटलं. मुलगी वाईट नाही. पण खर्च आला की तो आपल्या दारातून पुढच्या दारात कसा ढकलावा हे सगळ्यांना न शिकवता येतं.

रंगाची पेटी घेऊन लवकर ये. जितूभाईंचं विसरू नकोस.

सुलूताई

*

गाव
९ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,

पंधरा तारखेला पोचतो. झोपायला जिना चालेल, तिथे आजोबांची सोबत आहे.

जितूभाईंना जेवायला सांग. एक वाळलेली मूर्ती आहे माझ्याकडे, तशाच घडणीची, थोडी मोठी. ती रंगवून, लाल फडक्यात झाकून आणतो. थेट त्यांच्याच घरी नेऊन ठेवेन, तू उघडून बघू नकोस, आखणीला नजर लागते. हे आबांनी सांगितलेलं नाही, मी सांगतोय.

सदू

*

मीरा रोड
१० सप्टेंबर २०२५

सदू,

तू इथून गेल्यापासून तुझं पत्र नाही, आणि मीही लिहिलं नाही. दहा दिवस साठ घरांच्या आरत्यांना हजेरी लावून माझा घसा बसलाय.

सगळं नीट पार पडलं. तू आठ-दहा दिवस घरोघर फिरून डोळे आखलेस, तो पावसाने मीरा रोड बुडवलेला आठवडा होता, तरी लोक तुला गुडघाभर पाण्यातून छत्रीत धरून नेत होते. अजून सगळे सांगतात. क्षितिजाच्या गणपतीचा डावा डोळा किंचित मोठा झालाय, पण ती म्हणते तोच बरा वाटतो. तिने बिल वजा केलं नाही. अर्ध्या लोकांनी केलं. काहींनी तर उरलेले पैसेही टाळले, म्हणाले मूर्ती छोटी होती. जितूभाईंनी दुप्पट द्यायला काढले, मी घेतले नाहीत.

आता विसर्जनानंतरचे पाट माझ्याकडे जमा झालेत, पुसून ठेवते आहे. काल जितूभाई त्यांचा घेऊन आले. म्हणाले, "बहन, ये मेरा वाला नहीं है, मेरा सनमाइका वाला तो घर पे है. पर बहुत मजबूत है." मी पाट पालथा केला. पायाला पितळी पट्टी.

सदू, तू आपल्या घरचा गणपती मीरा रोडला देऊन टाकलास?

"एक वाळलेली मूर्ती आहे" असं लिहिलंस तेव्हाच मी विचारायला हवं होतं की ती कुठून आली. माझ्या डोक्यात साठ पाट होते, एकसष्टावा आलाच नाही. मला तुझा इतका राग आलाय की हे तिसऱ्यांदा लिहितेय. आबांच्या मागे एक वर्षही तो चुकला नव्हता. आई गेली त्या वर्षी सुतक होतं तर शेजाऱ्यांच्या हातून पूजा करवली, पण गणपती बसला. आणि यंदा एका पंख्याच्या झोतापायी आपलं घर रिकामं? मला विचारलंस? सुचेताला विचारलंस?

चतुर्थीला तुमच्या देव्हाऱ्यात काय होतं ते मला सांग.

सुलूताई

*

गाव
१६ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,

सुचेताला विचारलं होतं. तीच म्हणाली, नेऊन द्या, पहिला नातू आहे. आता हे तिने म्हटलं म्हणून तू तिला फोन करून बोलू नकोस.

ती मूर्ती माझ्या शेडमधली एकटी वाचलेली. चुलीमागे भिंतीलगत घरचा पाट ठेवून त्यावर मी ती जुलैतच बसवली होती, सुचेताच्या स्वयंपाकाच्या धगीवर हळूहळू वाळली. तुला पाट रिकामा आहे असं लिहिलं, कारण सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस की साठच्या साठ चुलीमागे ठेव. जितूभाईंच्या घरी त्यांच्या सनमायकावर ती बसेना, सरकायला लागली. मग म्हटलं, पाटासकट जाऊ दे.

आमचं म्हणशील तर चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी घरी पोचलो. माती होती. साचाही होता. पण उद्या सकाळी बसवायची मूर्ती रात्रीत काढून वाळणार कधी? ओल्या मूर्तीचे डोळे आखता येत नाहीत, रंग पसरतो. शेवटी शाडूचा एक गोळा नीट मळला, पितळेच्या ताटात ठेवला, वर सुपारी खोवली आणि दूर्वा वाहिल्या. सुचेताने मोदक केले. आरती मी म्हटली. तिने म्हटली नाही. तीन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं, चौथ्या दिवशी ती म्हणाली, "सोंड तरी काढायची होती." माझ्या हातांनी मीरा रोडच्या त्या दहा दिवसांत साठ सोंडा रंगवल्या होत्या.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तलाठी दर्शनाला आला. गावात सगळ्यांकडे जातो तसाच. ताटातल्या गोळ्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला. हात जोडले, मोदक घेतला. मग चपला घालून गेला.

मी रागावलो नाही कुणावर, क्षितिजावरही नाही. फक्त दमलोय. पुढच्या वर्षी मे महिन्यात ऊन असेल की नाही हे मला कुणी सांगू शकत नाही. थंडीत करून ठेवायच्या तर डिसेंबरातच माती घ्यायची, माणसं लावायची, आणि लोक पाट देतात अक्षय्य तृतीयेला. तोपर्यंत माझ्या खिशात काय? तेव्हा सुपरवायझरची जागा अजून असेल तर कळव. घरचा पाट महिपतबरोबर दे. इथे माळ्यावर ठेवतो.

सदू

*

मीरा रोड
२२ सप्टेंबर २०२५

सदू,

पत्र वाचल्यावर मी रडले, मग जेवले, मग सोसायटीच्या ऑफिसात गेले. सुपरवायझरच्या जागेवर पिंटू नावाच्या मुलाला घ्यायला सांगितलं. मीरा रोडचाच आहे, पंप त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतो. तेव्हा ती नोकरी गेली. मला शिव्या घालायच्या असतील तर पत्राने घाल.

कालच्या रविवारी मीटिंग घेतली. तुझं पत्र वाचून दाखवलं नाही, ते आपलं आहे. फक्त एवढं सांगितलं की जितूभाईंच्या घरी बसला तो मूर्तिकाराच्या घरचा होता, आणि मूर्तिकाराने ताटात मातीचा गोळा पुजला. जितूभाई उठून गॅलरीत गेले. मग क्षितिजा म्हणाली की पुढच्या वर्षीपासून नोंदणी आत्ताच करायची, पैसेही अर्धे आत्ताच द्यायचे, आणि ऊन मिळालं नाही तर वाळवण्याचा खर्च घेणाऱ्याने करायचा. तिने ते ग्रुपवरही टाकलं. काही लोक खुसपटं काढतायत, त्यांना इतरांनी गप्प केलं. सगळ्यांनी कबूल केलेलं नाही. पस्तीसेक घरं नक्की आहेत. बाकीच्यांना पीओपी घ्यायचा तर घेऊ देत, माझ्यासमोर आरतीला येऊ नका म्हटलं.

महिपत खाली टेम्पो भरतोय. हे पत्र त्याच्याच हाती देतेय. अक्षय्य तृतीयेची वाट बघायची नाही. रीत आबांनी घातली तेव्हा मे महिन्यात ऊन पडायचं. आता ते थंडीत असतं, तर रीतही थंडीत न्यायची. पाट पुसले आहेत, नावं पुन्हा लिहिली आहेत. जितूभाईंनी सनमायका काढून टाकला, स्वतः पॉलिश पेपरने घासला, हात सोलले.

सगळ्यांत वर आबांचा पाट ठेवलाय, माझ्या साडीत गुंडाळून. तो माळ्यावर ठेवायचा नाही. डिसेंबरात माती आणलीस की पहिली मूर्ती त्याच्यावर बसवायची. आमच्या लोकांचे नंतर, आणि ते थांबतील. मी बघते कोण थांबत नाही ते.

सुलूताई